एकही हाक न आलेला दिवस

म्हैसूरजवळ बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या कंपनीच्या सभागृहात शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या टेकत, सुनांच्या खांद्यांचा आधार घेत, कानातली यंत्रं नीट बसवत दीडशेक म्हातारी माणसं येऊन बसली होती. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक पांढरं बटण. समोर भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला झेंडूची माळ, काचेवर मधोमध कुंकवाचं बोट. आणि टीव्हीवर ओळीने हिरव्या खुणा, दोनशे बारा. लाल एकही नाही.

कंपनीचं नाव ‘सोबत’. काम साधं. मुलं परगावी, घरात दोन म्हातारे जीव. कोणी पडलं, घाबरलं, छातीत दुखलं की गळ्यातलं बटण दाबायचं. बटणावर हिरवा दिवा लागतो, नियंत्रण कक्षात फोन वाजतो आणि तिथून माणूस धावतो. म्हैसूरात अशी तीनशे चाळीस घरं.

टीव्हीशेजारी रेशमी शाल पांघरून नरसिंहमूर्ती उभे होते. यंत्रणा तपासणारं एक साधन त्यांनी कंपनीला दिलं होतं. त्याला जगात काहीही म्हणोत, त्यांनी नाव ठेवलं होतं त्रिनेत्र.

"नोडी," ते म्हणाले. बोलत कानडीत होते, पण सूर कीर्तनाचा होता. "बघा, नीट बघा. शंकराला डोळे तीन, आमच्या त्रिनेत्राला दोनशे बारा. दर पाच मिनिटांनी तो यंत्रणेला विचारतो, आहेस का? यंत्रणा म्हणते, दोनशे. दोनशे म्हणजे काय? संगणकाच्या भाषेत सर्व कुशल. तुम्ही झोपता, मी झोपतो, त्रिनेत्र झोपत नाही."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले.

"आता ऐका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आपण याची पूजा केली. एरवी दिवसाला सात-आठ हाका येतात. त्या दिवशी किती आल्या? शून्य. तीनशे चाळीस घरं, अख्खा दिवस, कोणी पडलं नाही, कोणाला धाप लागली नाही. याला काय म्हणायचं? मी नाव देत नाही. नाव तुम्ही द्या."

लोकांनी नाव दिलं. कोणीतरी टीव्हीपुढे दोन केळी नेऊन ठेवली.

शेवटच्या रांगेत मांडीवर चार वर्षांची नव्या घेऊन इरा बसली होती. साताऱ्याची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आलेली. नव्या झाल्यापासून ती कंपनीत अर्धा वेळ काम करी. त्या दोनशे बारांपैकी बहुतेक तपासण्या तिनेच लिहिल्या होत्या. काही नव्याच्या झोपेच्या वेळात, आणि बाकीच्या नव्या खालच्या मजल्यावर अंबुबाईंकडे असताना. अंबुबाई तिला पाटावर बसवून वाटाणे सोलायला लावत. "दोन तास मिळतात तुला, जा, तुझं ते टकटक करून ये," म्हणत.

अंबुबाई आयुधपूजेच्या दिवशीच गेल्या. पंधरा दिवस झाले होते.

मधल्या रांगेत कोणी तरी उठलं. काठी नव्हती, पण पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरलेली.

"मी शंभूराव. चामराजपुरमचा," म्हातारा म्हणाला. "माझी बायको त्या दिवशी गेली. न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली होती. बटण मुठीत होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तीन-चार तास जीव होता. तर एवढंच विचारायचंय, साहेब. तिने दाबलं नाही का?"

कंपनीचा मालक विश्वजीत स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

नरसिंहमूर्तींनी डोळे मिटून घेतले आणि हवा तेवढा वेळ मिटलेले ठेवले. "अज्जा, दुःख मोठं आहे. पण त्रिनेत्र खोटं बोलत नाही. दाबलं असतं तर इथे उमटलं असतं. मूठ आवळली असेल, बटण दाबलं नसेल. कधी कधी माणूसच हाक मारत नाही. वेळ आली की त्याला आतून कळतं."

"आयतु," शंभूराव म्हणाले. झालं. डॉक्टरने सांगितलेलं पथ्य मान्य करावं तसं त्यांनी ते मान्य केलं आणि खाली बसले.

परतताना रिक्षात अंबुबाईंचे यजमान शंभूराव इराशेजारी होते.

"सकाळी भांडण झालं होतं आमचं," ते म्हणाले. "स्कूटरची पूजा दोस्ताच्या गॅरेजात करायची म्हणून मी येलवालला निघालो. ती म्हणाली, ऐंशीला टेकलात, स्कूटर कसली दामटता. मी म्हटलं, तू त्या बटणाशी बोलत बस. तर बटणाशीही बोलली नाही. हट्टी होती. ठाऊक आहे की तुला."

इराने त्यांचा हात धरला. दोनशे बारा हिरव्या खुणांवर तिचाही विश्वास होता, आणि त्या विश्वासाखाली हा माणूस बायकोच्या रागाचं ओझं उचलून जन्मभर चालणार होता.

दुपारी नव्या झोपेना. अंबुअज्जी गेल्यापासून तिची दुपारची झोपही गेली होती. खेळण्यातला फोन कानाला लावून ती खाटेवर बसली.

"हॅलो, अंबुअज्जी? जेवलीस? हो, जेवले. वाटाणे सोललेस? हो, सोलले."

"कोण बोललं गं?" इराने विचारलं.

"मीच."

"आणि अज्जीचं?"

"तेही मीच. ती बोलत नाही ना आता. मग तिच्या वाटचं मी बोलते."

इरा हसली आणि मग तिचं हसू तिथेच थिजलं. तिच्या वाटचं मी बोलते. एक जुनी गोष्ट तिला आठवली. खरं तर ती विसरलीच नव्हती, बाजूला सारून ठेवली होती.

बटणापासून माणसापर्यंत हाक तीन हातांतून जाते. पहिला हात एपीआय, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला निरोप द्यायची ठरलेली खिडकी. बटण त्या खिडकीत निरोप टाकतं, खिडकी म्हणते ‘दोनशे’, म्हणजे निरोप घेतला. दुसरा हात ऑफिसातला एक काळा डबा, त्यात सिमकार्डं. तो निरोप उचलून फोन लावतो. तिसरा हात नियंत्रण कक्षातल्या तुळसीचा. तपासणीसाठी दर पाच मिनिटांनी खरा फोन वाजवला असता तर तुळसी वेडी झाली असती. म्हणून तपासणीपुरता इराने डब्याच्या जागी एक खोटा डबा बसवला होता. असं सगळेच करतात. काही विचारा, तो म्हणायचा, मिळालं. खऱ्या डब्यासाठी वेगळी तपासणी लिहायची राहिली होती. त्या आठवड्यात नव्याला ताप होता. मग पुढच्या आठवड्यात दुसरं काही होतं.

"आई, डब्याला पण फोन लावू?" नव्याने विचारलं.

"कुठल्या डब्याला?"

"ज्याला मी फूल वाहिलं. तो झोपला होता. विश्वजीतमामांनी झोपवला. त्याचे डोळे मिटले होते."

इराने मोबाइल काढला. आयुधपूजेचे फोटो. ऑफिसात देवीच्या तसबिरीपुढे चौरंग, चौरंगावर संगणक, कळफलक, पाने-पकडी, आणि मधोमध काळा डबा. पिवळ्या परकरातली नव्या त्याच्यावर झेंडू ठेवतेय. डब्याचे दिवे विझलेले. वायर चौरंगावरून खाली लोंबतेय, तिचं टोक कशातच नाही. फोटोची वेळ अकरा वीस.

पूजेच्या दिवशी आयुधाला काम सांगायचं नसतं. सुतार रंधा उचलत नाही, शिंपी यंत्राला पाय लावत नाही. ही इथली घरोघरची रीत. डबाही आयुधच, त्यालाही विश्रांती मिळाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

तिने लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांपेक्षा जुनी हाक टाकून द्यायची, असा यंत्रणेत नियम होता. काल पडलेल्या माणसासाठी आज कोणी धावू नये म्हणून. टाकलेल्या हाकांची यादी एका कोपऱ्यात साठत असे. त्रिनेत्राने ती कधी पाहिली नव्हती, कारण ती पाहा असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

यादीत त्या दिवशीच्या अठरा हाका होत्या. नऊ घरांतल्या. त्यांतल्या सात एकाच बटणाच्या, क्रमांक एकशे सतरा, अंबुबाईंचं. अकरा बारा. अकरा तेरा. अकरा एकोणीस. अकरा चाळीस. बारा पंचवीस. एक दहा. दोन छत्तीस. प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं होतं: दोनशे, स्वीकारली.

तिने मोबाइल उलटा करून ठेवला. त्या फोटोकडे पुन्हा बघवेना. नव्या अजून फोनवर दोन्हीकडचं बोलत होती.

विश्वजीतला फोन लावला तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं. तोही इथल्याच जुन्या मराठी घरातला.

"डबा मीच काढला," तो अखेर म्हणाला. "रीत म्हणून. नरसिंहमूर्तींना विचारलं होतं, चालेल ना म्हणून. त्यांनी टीव्ही बघितला. म्हणाले, हिरवं आहे, म्हणजे चालतंय. मला वाटलं, डब्याशिवायही चालतं की काय. हल्ली सगळं ढगात असतं म्हणतात."

"उद्या सांगायला हवं, विश्वजीत."

"उद्या बेडा, इरा. नको. उरलेल्या घरांची सभा आहे. विश्वासावर चाललंय सगळं."

"कशावरचा विश्वास? डब्यावरचा की माळेवरचा? उद्या दीडशे माणसं हे बटण गळ्यात घालून घरी जातील. पडली तर हिरव्या दिव्याकडे बघत पडून राहतील."

"अंबुअज्जींच्या मांडीवर वाढलोय मी," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. पण माझ्याच्याने बोलवणार नाही."

संध्याकाळी दिवेलागणीला इरा खाली गेली. शंभूराव पणजोबांची तलवार पुसत बसले होते. पणजोबा राजाच्या घोडदळात होते. दरवर्षी आयुधपूजेला तलवार निघायची, हळदकुंकू लागायचं, परत कापडात जायची. यंदा ती गुंडाळायची कोणाला सुचलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. डबा, यादी, वेळा. खोट्या डब्याचंही सांगितलं. "तो मी बसवला होता, काका. खऱ्याची तपासणी लिहायची राहिली. माझ्याकडून."

ते त्या वाक्यापाशी थांबले नाहीत. "शेवटची किती वाजता म्हणालीस?"

"दोन छत्तीस."

"तेव्हा मी येलवालला पानावर बसलो होतो. पुरणाचे होळीगे वाढत होते." तलवारीवरचं कुंकू त्यांच्या बोटाला लागलं होतं. ते बोट त्यांनी धोतराला पुसलं. "म्हणजे रागावली नव्हती."

"नाही."

"सात वेळा."

"हो."

"आणि दर वेळी हिरवा दिवा लागला असेल."

इराने होकारार्थी मान हलवली.

"मग तिला वाटलं असेल, येतायत," शंभूराव म्हणाले. "वाट बघत होती." आणि आतापर्यंत, अंत्यविधीलाही न रडलेला तो माणूस तोंडाला उपरणं लावून रडला. नव्या जिन्यावरून उतरून आली आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

ती निघताना शंभूराव म्हणाले, "उद्या मी येतो. तिचं बटण घेऊन येतो."

रविवारी पुन्हा तेवढीच गर्दी, तीच माळ, तीच केळी. नरसिंहमूर्ती ‘त्रिनेत्र झोपत नाही’पर्यंत आले होते तेव्हा इरा उठली.

"एक प्रयोग करायचाय."

"त्रिनेत्राची परीक्षा?" ते मायेने हसले. "अम्मा, आईची परीक्षा लेकराने घ्यायची नसते."

"लेकरू त्रिनेत्र आहे. यातल्या तपासण्या मी लिहिल्यात. परीक्षा माझीच आहे."

तुळसीला फोन घेऊन पुढे बसवलं. काळा डबा टेबलावर ठेवला. शंभूरावांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि तुळसीचा फोन खणाणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळसी फोनकडे बघत राहिली. पडद्यावर नाव आलं होतं, ‘अंबुबाई, चामराजपुरम’. तिने तो कानाला लावला.

"आता डबा बंद करायचा," इरा म्हणाली.

कोणी हलेना. मग विश्वजीत स्वतः उठला. त्याने वायर उपटली. डब्याचे दिवे विझले.

शंभूरावांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. फोन गप्प. पुन्हा दाबलं. हिरवा दिवा. फोन गप्प. सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. पाच मिनिटं लोक श्वास धरून बसले. त्रिनेत्राने दोनशे बारा डोळे उघडून बघितलं आणि दोनशे बारा हिरव्या खुणा पुन्हा उमटल्या. सर्व कुशल.

"नेटवर्क," नरसिंहमूर्ती म्हणाले. "आज ढगाळ आहे. शिवाय टीव्ही दक्षिणेकडच्या भिंतीला."

"मी दाबलं होतं," मागून आवाज आला. भवानीबाई नावाच्या एक आजी उभ्या होत्या, दंडाला पट्टी. "त्या दिवशी. माडीच्या पायरीवरून घसरले. हिरवं लागलं, कोणी आलं नाही. शेजारणीने उचललं. मग ऐकलं, एकही हाक आली नाही, चमत्कार झाला. म्हटलं, देवाच्या कामात आपण कशाला खोट काढा."

आणखी एक हात वर झाला. मग आणखी दोन.

नेमका तेव्हाच नरसिंहमूर्तींना फोन आला. निदान त्यांनी तो कानाला लावला आणि ‘हेळी सार, सांगा सार’ करत ते दाराबाहेर गेले. तो वाजलेला कोणी ऐकला नव्हता. पलीकडे कोणी होतं की नाही, हे तपासायला त्यांचं त्रिनेत्र होतंच.

इराने सांगितलं ते अगदी साधं होतं. "पोस्टाची पोच मिळाली म्हणजे पत्र पोचलं, वाचलं गेलं असं नाही. ‘दोनशे’ ही तशी पोच आहे, पहिल्या खिडकीची. पुढचा डबा तपासणीत खोटा होता. विचारणारेही आम्ही, उत्तर देणारेही आम्ही. साधन वाईट नाही. जेवढं विचारा तेवढंच ते सांगतं. जे विचारायला आपण विसरतो, तिथे ते आंधळं असतं, आणि आंधळेपणाचा रंगही हिरवाच दिसतो. चूक माझी होती. चमत्कार कसला नव्हता. नऊ घरांत माणसं हाका मारत होती आणि आपण आरती करत होतो."

शंभूराव टीव्हीपाशी गेले. माळ काढली, कुंकू उपरण्याने पुसलं.

"आमच्या घरी तलवार आहे," ते लोकांना म्हणाले. "चार पिढ्या पूजा करतोय. पण ती आपली आपण लढेल, असं आमच्यात कोणी मानलं नाही. पूजा करा, कोण नको म्हणतंय. पण हिरव्यावर जाऊ नका. पलीकडून माणूस बोलेपर्यंत बटण सोडू नका. आणि आज पडला नाहीत तरी दाबून बघा. कोणी बोलतंय का ते विचारा. विचारल्याने देव रागावत नाही. न विचारल्याने माणूस जातं."

खऱ्या डब्याची तपासणी इराने त्याच आठवड्यात लिहिली. डबा बंद पडला की आता टीव्ही लाल होतो. पण तेवढ्यावर कोणी भिस्त ठेवत नाही. रोज सकाळी दहा वाजता चामराजपुरमच्या त्या घरात शंभूराव खुर्चीत बसून एकशे सतरा क्रमांकाचं बटण दाबतात. दाबायचं काम कधी कधी नव्या करते. दिवा लागतो, त्याकडे दोघं बघतही नाहीत. फोनकडे बघतात.

विश्वजीतने विचारलं होतं, एकशे सतरा क्रमांकापुढचं नाव बदलू का. शंभूराव म्हणाले, राहू दे.

म्हणून रोज दहा वाजता तुळसीच्या फोनवर अंबुबाईंचं नाव येतं. तुळसी असेल ते काम टाकते, फोन उचलते आणि म्हणते, "ऐकू आलं, अज्जा. आहे मी इथे."